कष्ट तिचे, मालकीही तिचीच



महिलांच्या अर्थकारणावर विचार करण्यासाठी आपण सातारला आलात. स्वागत समितीच्या आणि समस्त सातारकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करते.

या विषयावरची परिषद आमच्या जिल्ह्यात भरावी, याचा मला मनापासून आनंद आहे. खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. याच सातारा शहरात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहातल्या मुलांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण सारे पाहतो. त्याच्या मुळाशी एका स्त्रीचे भांडवल आहे, हे आजच्या दिवशी आवर्जून सांगायला हवे.

याच जिल्ह्यातला माण तालुका तर दुष्काळी. तिथल्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. प्रवर्तकांपैकी काही जणी निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरे गिरवायला बसल्या, पुन्हा अर्ज केला आणि व्याजाचा तोंडी हिशेब करायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सही येत नसली तरी व्यवहार कळतो, हे या भगिनींनी सिद्ध केले.

आज देशाचे आकडेही बदलत आहेत. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील महिलांपैकी २३.३ टक्के काम करत होत्या किंवा काम शोधत होत्या. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४१.७ टक्क्यांवर गेले. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण याच सर्वेक्षणात काम करणाऱ्या महिलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबताना दिसतात. काम मोजले जाऊ लागले, मोबदला अजून हाती आलेला नाही. घरकाम तर वेगळेच. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती, पुरुषांची ९७. पाच तास घरात राबून मगच ती कामधंद्याला लागते.

म्हणून या परिषदेने मालकीच्या प्रश्नाला हात घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पेरणी, खुरपणी, काढणी तिची. सातबारा मात्र बहुतेक घरांत त्याचाच. नावावर जमीन नाही म्हणून पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. नवरा गेला की वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या तिलाच झिजवाव्या लागतात. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावर शेतकरी बाईचे प्रश्न मांडले गेले आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या हाकेला ओ देऊन अनेक शेतकऱ्यांनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेत बायकोच्या नावे जमीन केली. हे काम आपल्याला तडीस न्यायचे आहे. बचत गटाने पापड-मसाल्यापर्यंत रस्ता दाखवला. आता मोठे कर्ज, कायमची बाजारपेठ आणि सोसायटीच्या संचालक मंडळात खरी सत्ता हवी.



जाताना प्रत्येकीने एक निश्चय करावा. महिनाभरात घराच्या उताऱ्यावर, शेताच्या सातबाऱ्यावर किंवा धंद्याच्या परवान्यावर स्वतःचे नाव लावण्यासाठी अर्ज द्यावा. सभागृहातल्या बंधूंनी त्या अर्जावर संमतीची सही करावी.