पगारमर्यादेचा भार कुणाच्या खांद्यावर?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजारांना घेतले, हे कबड्डीप्रेमींना तोंडपाठ आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती संघाची खर्चमर्यादा, 5 कोटींची. निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर गेली आणि संघात किमान 18 खेळाडू तर हवेतच. उरलेल्या सतरा जणांना सरासरी 14 लाख येतात. अ गटातल्या खेळाडूची मूळ किंमतच 30 लाख, ड गटातल्याची 9 लाख. मग तिशी ओलांडलेला, मुरलेला कोपरारक्षक 30 लाखांना घ्यायचा, की तेवढ्यात तीन पोरे घ्यायची? व्यवस्थापकाच्या मनात काही वाईट नसते. कागदावरचा हिशेबच त्याला तिकडे ढकलतो.

मर्यादेचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे माझे म्हणणे आहे. अव्वल खेळाडूला पर्याय नसतो, म्हणून त्याचा भाव उतरत नाही. नवख्याचा भाव आधीच तळाला, त्यात कापायला काही नाही. कात्री चालते ती मधल्यावर: खेळ उत्तम, अनुभव दांडगा, पण ज्याची जागा कमी पैशांत भरून काढता येते असा. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत हेच दिसले. तिथे 2005 मध्ये मर्यादा आली. करोनाच्या काळात ती 8 कोटी 15 लाख डॉलरवर गोठली. बड्या खेळाडूंचे लांब मुदतीचे करार अबाधित राहिले आणि कित्येक जुन्याजाणत्यांना किमान पगारावर एका वर्षाचा करार पत्करावा लागला.

कुणी म्हणेल, मर्यादा नसती तर श्रीमंत संघांनी सगळेच चांगले खेळाडू पळवले असते. खरे आहे, म्हणूनच मी ती काढा म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रो कबड्डीच्या त्याच दहाव्या हंगामात तरुण अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण विजेती ठरली, मग वयाची कणव कशाला? जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या मुलाला संधी मिळते ती अशाच जागांतून, हेही मला मान्य आहे. पण तरुणाने अनुभवी खेळाडूला मॅटवर हरवून जागा घेणे वेगळे आणि तो 21 लाखांनी स्वस्त आहे म्हणून घेणे वेगळे. शेवटच्या दोन मिनिटांत साखळी कधी आवळायची आणि कधी चढाईपटूला रिकामा जाऊ द्यायचा, ही जाण विकत घ्यायला संघाकडे पैसेच उरत नसतील, तर ती त्या पोरांना शिकवणार कोण? पवनला घेणारे टायटन्स त्या हंगामात गुणतक्त्याच्या तळाला राहिले, हेही विसरू नये.

यावर तोडगा अमेरिकी बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये आहे. किमान पगारावर एका वर्षासाठी घेतलेल्या अनुभवी खेळाडूचा पूर्ण पगार संघाच्या मर्यादेत धरला जात नाही. दोन वर्षे खेळलेल्याच्या किमान पगाराइतकीच रक्कम मोजतात, वरचा फरक लीग भरते. प्रो कबड्डीने प्रत्येक संघात अशा दोन जागा राखाव्यात आणि त्यांचा फरक सामायिक निधीतून द्यावा.