निकालाचे पेढे आणि त्यानंतरचा फॉर्म

(इंदूर येथे मंडळाच्या सभागृहात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो आणि तेव्हापासून एस्टिमेटच लिहितो आहे. भाषणही तसंच होईल, सांभाळून घ्या.

या सभागृहापासून पायी दहा मिनिटांवर एक शासकीय माध्यमिक शाळा आहे, सहावी ते आठवीची. तिच्या गळक्या छताचं मोजमाप घ्यायला मी पहिल्यांदा आत गेलो. त्याआधी कित्येक वर्षं रोज त्याच रस्त्यानं जात होतो. आपल्यातल्या बहुतेकांचं तसंच असेल, कारण आपली मुलं तिथं जात नाहीत. तिथं निमाडातून मजुरीला आलेल्यांची मुलं आहेत, रिक्षावाल्यांची आहेत, आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायकांची आहेत.

तिथं योजना नाहीत असं मुळीच नाही. पुस्तकं मोफत, दुपारचं जेवण मिळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाला प्रबंधन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. पण रोजंदारीवरच्या आईनं सभेला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी सोडायची. ती येत नाही, रजिस्टर सहीसाठी घरी जातं. कुणाला दोष द्यायचा?

खरी अडचण आठवीनंतर आहे. कायद्याचं मोफत शिक्षण तिथंच संपतं आणि मुलगा दुकानात, मुलगी घरकामाला लागते. नेमक्या याच वळणासाठी केंद्र शासनाची एक शिष्यवृत्ती आहे, ‘राष्ट्रीय साधन-सह-योग्यता’. २००८ पासून आहे, पण आपल्या घरांत फारशी कुणाला माहीत नाही. आठवीत परीक्षा द्यायची: नव्वद प्रश्न बुद्धिमत्तेचे, नव्वद शालेय विषयांचे. सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी, की पुढंही शासकीय किंवा अनुदानित शाळेतच शिकायचं.

आपल्या मंडळातले चार निवृत्त शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेल्या दोन काकू यांनी दुपारी रिकाम्या असणाऱ्या या सभागृहात वर्ग सुरू केला. शाळेच्या प्रधानाध्यापिकांनी मुलं पाठवली. गणित शिकवणं सोपं गेलं. अवघड गेले कागद. मुलीचं नाव आधारवर एक, समग्र आयडीत दुसरं, शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरात तिसरं. आय प्रमाणपत्रासाठी लोकसेवा केंद्राच्या खेपा. आधारला जोडलेला मोबाईल नंबर वडिलांनी केव्हाच बदललेला, त्यामुळे ओटीपी येणार कुठं? बँकेतल्या काकू म्हणाल्या, “माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एवढं केवायसी केलं नाही!”

पहिल्या वर्षी आमच्या तीन मुलांची नावं यादीत आली. आम्ही पेढे वाटले, फोटो काढले, तो आपल्या अहवालातही छापला. आणि इथंच मी चुकलो.

त्या तिघांत एक मुलगी होती. तिची आई याच गल्लीत तीन घरी काम करते. आठवी संपली, मुलगी दुसऱ्या शाळेत नववीत गेली. यादीत नाव आलं म्हणजे पैसे आले असं नसतं. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा असतो, तो नव्या शाळेनं तपासायचा, मग जिल्ह्यानं. नव्या शाळेला ती शिष्यवृत्तीधारक आहे हे ठाऊक नव्हतं. जुन्या शाळेच्या दृष्टीनं ती गेलेली विद्यार्थिनी. आम्ही तर पेढे खाऊन मोकळे झालो होतो. मुदत टळली. दिवाळीत तिच्या आईनं मला जिन्यात थांबवून विचारलं, “साहब, वो पैसा कब आएगा?” तेव्हा मला कळलं. मी फोन केले, ओळखी काढल्या, शासकीय नोकरीचा होता तेवढा उपयोग करून पाहिला. काही झालं नाही. मुलगी शिकते आहे, पण संध्याकाळी आईबरोबर कामाला जाते.

त्यानंतर आम्ही एक वही केली. निवड झालेल्या प्रत्येक मुलासमोर आपल्यातल्या एकाचं नाव, बारावीपर्यंत. मूल कुठल्या शाळेत गेलं, अर्ज भरला का, शाळेनं तपासला का, खातं आधारला जोडलेलं आहे का. दरवर्षी नूतनीकरण असतं आणि दहावीनंतर टिकायला ६० टक्के लागतात, तेही त्यात आहे. वही म्हणजे साधं दोनशेपानी रजिस्टर, वाचनालयाच्या कपाटात असतं.

मागच्या सभेत एका ज्येष्ठांनी विचारलं, “यात मराठी मुलं किती?” प्रश्न वावगा नव्हता, मंडळ आपलं आहे. उत्तर आहे, दोन. बाकीची नाहीत. मला स्वतःला तो आकडा महत्त्वाचा वाटत नाही, पण ज्यांना वाटतो त्यांनी त्या दोघांची जबाबदारी घ्यावी; वहीत जागा आहे.

सध्या सात मुलांसमोरचा रकाना रिकामा आहे. शिकवता आलंच पाहिजे असं नाही. वर्षातून चार-पाच फोन, एक-दोन खेपा आणि एखाद्या कारकुनापुढे शांत उभं राहण्याची तयारी, एवढं पुरतं. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात वही घेऊन बसणार आहे. येताना चष्मा आणा, पोर्टलवरची अक्षरं फार बारीक असतात.