नाडीवर बोट ठेवा
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आदिवासी वस्त्यांवरील आरोग्यकार्य’ असा विषय छापला आहे. वर्षाचा अहवाल तुमच्या हातात आहेच, तो मी वाचून दाखवणार नाही. आज फक्त हृदयाविषयी बोलणार आहे. आपल्या उपदेशांत हृदय नेहमीच येते, पण मी बोलणार आहे ते छातीत धडधडणाऱ्या, कधी कधी ठोका चुकणाऱ्या हृदयाविषयी.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

जावळीच्या डोंगराकडच्या एका कातकरी वस्तीवर मी बरीच वर्षे जाते. तिथले एक बाबा, वय साठीच्या आसपास, कोळशाच्या भट्टीवर काम करायचे. ते अधूनमधून चालता चालता कोसळायचे. अर्ध्या मिनिटात उठून बसायचे, अंग झटकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. वस्तीत कुणी म्हणे झपाटले आहे, कुणी म्हणे फीट येते. मी मात्र, कबूल करायला लाज वाटते, त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो का ते पाहिले. वास नव्हता, तरी दारूच्या दुष्परिणामांवर मी त्यांना अर्धा तास ऐकवले. ते एवढेच म्हणाले, “बाई, देवाशपथ, थेंब घेतला नाही.” मी प्रार्थना केली, शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि निघून आले.

तीन महिन्यांनी ते भट्टीजवळच कोसळले. उजवा हात निखाऱ्यावर पडला. भाजलेला हात दाखवायला आम्ही त्यांना तालुक्याला नेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी मनगट हातात घेतले आणि घड्याळाकडे पाहत राहिले. मिनिटाला ठोके फक्त चौतीस! ईसीजी काढला. बाबांना हार्ट ब्लॉक होता. दारू नाही, भूत नाही, फीटही नाही. मी एवढ्या वर्षांत त्यांच्या डोक्यावर कितीदा हात ठेवला होता, नाडीवर एकदाही बोट ठेवले नव्हते.

हा आजार काय असतो, ते सोप्या शब्दांत सांगते. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी गाठ असते. तिथून विजेचा बारीक संदेश निघतो, तो खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो आणि ठोका पडतो. आराम करत असलेल्या मोठ्या माणसात असे मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. हार्ट ब्लॉकमध्ये वरचा संदेश खाली नीट पोहोचत नाही. खालचे कप्पे आपल्या संथ गतीने कसेबसे चालतात आणि मधूनच काही क्षण थांबतात. मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. ठोका परत सुरू झाला की शुद्धीवर येतो. फीट येऊन गेल्यावर माणूस बहुधा बराच वेळ गोंधळलेला, गुंगीत असतो. हा मात्र लगेच भानावर येतो. एवढा फरक मला आधी ठाऊक असता तर!

यावर उपाय म्हणजे पेसमेकर. गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत काडेपेटीएवढे यंत्र बसवतात. शिरेतून एक तार हृदयापर्यंत जाते. ठोका चुकला की यंत्र स्वतः संदेश देते. शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. त्यांना आयुष्यभरात एकूण २६ पेसमेकर बसवले गेले आणि ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. एका माणसाला सव्वीस! आणि आमच्या बाबांसाठी एक मिळवताना आमची दमछाक झाली.

अशाच माणसांसाठी मुंबईत झालेले एक काम तुम्हाला सांगायचे आहे. हृदयाच्या ठोक्यांच्या आजारांचे तज्ज्ञ डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्याबरोबरचे डॉक्टर यांच्यापुढे एक साधा प्रश्न होता. अमेरिकेत माणूस वारल्यावर त्याच्या छातीतला पेसमेकर पुष्कळदा काढून टाकला जातो. बॅटरीत अनेक वर्षांचे आयुष्य शिल्लक असले, तरी तिथे तो दुसऱ्याला बसवत नाहीत. इकडे गरीब रुग्ण केवळ पैशाअभावी यंत्राविना राहतो. मग नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले यंत्र तपासून, नीट निर्जंतुक करून इथल्या गरिबाला बसवता येईल का?

तिथल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून १२१ पेसमेकर मिळाले. प्रत्येकाची बॅटरी तपासली. त्यांतले ५३ योग्य ठरले. ते वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये, म्हणजे ख्रिस्ती भगिनींनी उभारलेल्या रुग्णालयात, ५३ गरीब रुग्णांना बसवले. जंतुसंसर्ग झाला नाही, यंत्रही बिघडले नाही. हा अभ्यास २०१२ साली हृदयरोगाच्या अमेरिकन नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी डॉ. बेहजाद पावरी, डॉ. लोखंडवाला, डॉ. डॅनियल मॅस्करेन्हास आणि सहकाऱ्यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो धोकादायक ठोका ओळखून आतूनच विजेचा झटका देणाऱ्या महागड्या यंत्राविषयी होता. पुन्हा वापरलेल्या त्या यंत्रांनी निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये वेळेवर काम केले आणि संसर्ग एकालाही झाला नाही.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या डॉक्टरांनी दया केली आणि विसरून गेले, असे झाले नाही. त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, वर्षानुवर्षे तपासणी केली आणि निकाल जगापुढे मांडला. ‘गरिबाला काय, जुने चालेल’ असे त्यांना म्हणायचे नव्हते. ‘हे गरिबासाठी खरोखर सुरक्षित आहे का’ हे त्यांना तपासायचे होते. पुढे २०२० साली कॅनडातील डॉक्टरांनी मेक्सिको, ग्वाटेमाला वगैरे देशांतल्या १,०५१ रुग्णांचा अभ्यास छापला. दोन वर्षांत संसर्ग किंवा यंत्राशी संबंधित मृत्यूचे प्रमाण पुनर्वापराच्या यंत्रांत २ टक्के, तर नव्या यंत्रांत १.२ टक्के आढळले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस ठरला नाही. आकडा थोडा जास्त होता, तोही त्यांनी लपवला नाही. सेवेतला प्रामाणिकपणा मी याला म्हणते. तरीही, हे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हायचे. उद्या कुणी घरात जपलेला आजोबांचा पेसमेकर माझ्याकडे आणून देऊ नका!

आमच्या बाबांना पेसमेकर नवाच मिळाला, शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. हृदयाचे अनेक उपचार तिच्यात बसतात. म्हणजे आज अडचण पैशाचीच आहे असे नाही. अडचण कागदाची आहे. भट्टीमागे भट्टी फिरणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याच रेशन कार्डावर नव्हते. कागद जमवायला आम्हाला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस बाबा शिरेतून घातलेल्या तात्पुरत्या तारेवर जगले. रोज संध्याकाळी मी त्यांना सांगायचे, “उद्या होईल.” सातव्या दिवशी ते म्हणाले, “बाई, कागद नसला तर माणूस नसतो का?” ईश्वरविज्ञानाची पदविका घेताना मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आपल्या भागाला आरोग्यसेवेचा मोठा वारसा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. आज मिरज वैद्यकीय उपचारांसाठी ओळखली जाते, तिची पायाभरणी तिथे झाली. पण वारशाचा अभिमान सांगून वस्तीवरचा माणूस तालुक्याला पोहोचत नाही. त्याला कुणीतरी घेऊन जावे लागते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. जखमांवर तेल ओतले, इथपर्यंत आपल्याला आठवते. पण त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. परत येणे हा त्या सेवेचाच भाग होता. पेसमेकरचेही तसेच आहे. ठरलेल्या वेळी तो तपासावा लागतो, काही वर्षांनी बॅटरी संपते. आमचे बाबा पहिल्या तपासणीला गेलेच नाहीत. एसटीच्या भाड्याला पैसे नव्हते आणि मी विचारायला विसरले होते. ही माझी दुसरी चूक.

म्हणून आज तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक मंडळीतून दोन तरुण द्या. आम्ही त्यांना नाडी मोजायला शिकवू. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे आणि पूर्ण एक मिनिट, एवढेच. ठोके पन्नासच्या खाली असतील, अनियमित असतील किंवा माणूस अचानक कोसळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे. दुसरी, तुमच्यातल्या कचेरीत काम केलेल्या निवृत्त मंडळींनी महिन्यातून एक दिवस वस्तीवर यावे आणि लोकांचे कागद करून द्यावेत, माणूस आजारी पडण्याआधी. तिसरी, परतीच्या भाड्यासाठी एक छोटा निधी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याला यावी.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ती आता परत येणार नाहीत. परवा मी वस्तीवर गेले, तेव्हा ते दारात टोपली विणत होते, तीन बोटांनी. मी मनगट धरले आणि घड्याळ लावून मोजले. बहात्तर. ते हसले आणि म्हणाले, “बाई, आज वास नाही घेतला?”

त्या वस्तीसाठी आणि माझ्यासाठीही प्रार्थना करा. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.