आपल्याच उपचाराची परीक्षा

(सोनिवली, बदलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' अशी आपल्याकडे म्हण आहे. मुंबईच्या चाळींतून बिऱ्हाड पाठीवर घेऊन अनेक कुटुंबे बदलापूर परिसरात येऊन स्थिरावली. उल्हास नदीचे खोरे, जवळच डोंगर, कालपरवापर्यंतची भातशेती आणि आज तेथे उभ्या राहणाऱ्या इमारती, असे या भागाचे चित्र आहे. विटांचे ढीग रचले जातात, दगड हलविले जातात, पहिल्या पावसाचे पाणी बिळांत शिरते, आणि मग खऱ्या विंचवाचेच बिऱ्हाड मोडते. तो बाहेर पडतो आणि त्याची पहिली गाठ पडते ती अनवाणी मजुराशी किंवा अंगणात खेळणाऱ्या मुलाशी.

आरोग्यावरील संकटे आणि त्यांविषयीचे संशोधन हा आजचा विषय. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातील भव्य प्रयोगशाळा उभी राहते. मी मात्र आपल्याला रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी गावी घेऊन जाणार आहे.

१९७६ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात, गरीब घरात वाढलेला हा मुलगा नागपूरला शिकून डॉक्टर झाला होता. बिरवाडीत त्यांना दिसले ते असे : तांबड्या विंचवाने दंश केलेले रुग्ण येत. धडधाकट माणसाला दरदरून घाम फुटे, वांत्या होत, हातपाय बर्फासारखे गार पडत. काही तासांत श्वास कोंडे, तोंडातून गुलाबी फेस येई आणि डोळ्यांदेखत माणूस जाई. या मृत्यूला कोणता उपचार द्यावा, याचे समाधानकारक उत्तर वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

अशा वेळी 'दैवाची गती' म्हणून मोकळे होणे सोपे असते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवण्यास आरंभ केला. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले. या नोंदींतून विषाचा क्रम उलगडत गेला. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची सूक्ष्म द्वारे मिटू देत नाही. त्यामुळे मज्जातंतू सतत चेतत राहतात, शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेर फुफ्फुसांत पाणी भरते. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकाने त्यांची धोक्याच्या पूर्वलक्षणांविषयीची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

या नोंदींतील एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी अशी आहे. विंचू चावल्यावर जो वेदनेने तळमळतो, तोच अधिक धोक्यात असतो असे नाही. ज्याला वेदना फारशी नाही, पण घाम आणि वांती आहे, तो रुग्ण कित्येकदा मृत्यूच्या अधिक जवळ असतो. विंचू 'उतरविणाऱ्या' मांत्रिकाची कीर्ती का पसरते, हे यावरून ध्यानी येईल. बहुतेक दंश मुळात जीवघेणे नसतात. वेदना काही वेळाने ओसरते आणि श्रेय मंत्राला जाते. जो खरोखर गंभीर असतो, त्याचे मोलाचे तास मात्र तेथेच संपतात.

क्रम कळल्यावर उपाय शोधणे आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे औषध उच्च रक्तदाबासाठी वापरात होते. ते गोळीच्या रूपात मिळे आणि स्वस्त होते. विषाच्या परिणामाला ते नेमके छेद देईल, या तर्काने बावस्करांनी ते विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांना दिले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच त्याचा वृत्तांत आला. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत असत. या औषधानंतर हे प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आले.

येथे एखाद्या सामान्य माणसाची कथा संपली असती. सत्कार झाले असते, उपचार पुस्तकांत गेला असता आणि 'आमचे औषध' हा अभिमानाचा विषय झाला असता. परंतु सज्जनहो, संशोधकाची खरी कसोटी यशानंतर लागते.

त्यासाठी थोडे परळला जाऊ. आपली लोकल ज्या परळवरून जाते, तेथे हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे याच परंपरेत सर्पविषावरील आणि विंचवाच्या विषावरील प्रतिविषे तयार झाली. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा देतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात आणि ती शुद्ध करून माणसासाठी वापरतात.

आता प्रश्न उभा राहिला : प्रतिविष अधिक गुणकारी की प्राझोसिन पुरेसे? हा प्रश्न टाळण्यास बावस्करांना सबळ कारण होते, कारण प्राझोसिनशी त्यांचे नाव जोडले गेले होते. परंतु त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच त्याची रीतसर चाचणी केली. ७० रुग्णांचे, कोणाला काय मिळावे हे केवळ योगायोगावर सोपवून, दोन गट केले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत लक्षणमुक्त झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे आकडे जसेच्या तसे प्रसिद्ध झाले. ज्या औषधाने कीर्ती दिली, त्यात सुधारणेस किती वाव आहे हे त्याच हातांनी जगासमोर मांडले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्या सन्मानाचे रहस्य या ३५ पैकी ८ मध्ये आहे.

स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना यात एक धडा आहे. आपल्या वैद्यकपरंपरेतील सर्पगंधा ही वनस्पती शतकानुशतके वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी केली आणि १९४९ मध्ये तिचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले, तेव्हा जगाने तिची दखल घेतली. पुढील अभ्यासांतून तिच्यातील द्रव्याचे दुष्परिणामही समोर आले आणि वापराच्या मर्यादा ठरल्या. परंपरेने दिशा दाखविली आणि परीक्षेने तिचे गुण व मर्यादा दोन्ही निश्चित केले. आपले आहे म्हणून ते सिद्ध, असे मानणे हा परंपरेचा गौरव ठरत नाही. जे आपले आहे, त्याची परीक्षा आपणच अधिक कठोरपणे घेतली पाहिजे, कारण औषध घेणारा रुग्णही आपलाच असतो.

आणि म्हणून शेवटी कर्तव्याविषयी. विंचू किंवा साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. रुग्णाला धीर द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. अंथरूण व पादत्राणे झटकून वापरावीत, विटा-लाकडांचे ढीग घराच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. एवढे तर प्रत्येक घर करील. कार्यकर्त्यांकडून अपेक्षा थोडी अधिक आहे. आपल्या भागातील कोणत्या रुग्णालयात प्राझोसिन आणि प्रतिविष उपलब्ध आहे, रात्री तेथे डॉक्टर असतात का, याची माहिती पावसाळ्यापूर्वी स्वतः जाऊन घ्यावी. ती केवळ आपल्या सोसायटीच्या फलकावर लावून थांबू नये. बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांत आणि डोंगराकडच्या पाड्यांवर ती पोहोचवावी. विंचवाशी पहिली गाठ त्यांचीच पडते, आणि दवाखान्याची वाट त्यांनाच सर्वांत उशिरा सापडते.

बिरवाडीच्या त्या खोलीत भव्य प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होता, रक्तदाब मोजण्याचे यंत्र होते, वही होती आणि रात्रभर जागण्याची तयारी होती. औषध शोधण्याचे काम त्यांनी केले. ते वेळेवर शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे.