नैतिक धैर्याचे संस्कार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करीत असताना पुढील पिढीच्या हाती आपण काय देणार, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पाठशाळेत आपली मुले पाच अणुव्रते मुखोद्गत म्हणतात, याचे कौतुक आहेच. परंतु सत्य बोलण्यासाठी लागणारे धैर्य पाठांतराने येत नाही. ते मूल मोठ्या माणसांच्या आचरणातून शिकते.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र मननीय आहे. कुंभोज येथील जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. जुना राग काढण्याची संधी चालून आली होती. भाऊरावांनी छळ आणि तुरुंगवास सोसला. खोटी साक्ष मात्र दिली नाही.

१९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली सातारा येथे सुरू झालेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. समतेचा पाठ त्या मुलांना ताटातच वाढला गेला.

आता आपल्याकडे वळू. कूटलेखक्रिया, अर्थात खोटे लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे. आपण बहुतेक व्यापारी आहोत. गल्ल्याजवळ बसलेला नातू आपले बिल पाहत असतो. कापड धुतल्यावर आटेल, हे विक्रीपूर्वी सांगणारे आजोबा त्याला जे शिकवतात, ते कोणत्याही प्रवचनापेक्षा खोल रुजते.

आपल्या श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराला दोन्ही संप्रदायांतील वादामुळे १९८१ साली लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधील आदेशानंतर निघाले. मधल्या बेचाळीस वर्षांत शिरपुरातील दोन पिढ्या वाढल्या. त्यांनी आपल्या तोंडून समोरच्या पक्षाविषयी काय ऐकले असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. आपल्या श्रद्धेवर दृढ राहण्यात दोष नाही. परंतु प्रतिपक्षाविषयी ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगणे, हेही असत्यच होय. परक्यांना विरोध करणे सोपे असते. आपल्याच माणसांच्या बैठकीत “हे खरे नाही” असे म्हणणे कठीण असते आणि मुले नेमके तेच पाहून धीट होतात.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण दोन संकल्प करूया. मुलांसमक्ष कोणाविषयीही खातरजमा न केलेली गोष्ट सांगणार नाही. आणि आपली चूक मुलाने दाखविली, तर “मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस” असे म्हणून त्याला गप्प बसविणार नाही.