दोन रुपये शेकड्याची बातमी

आज शेळ्या नाहीत, शिलाई नाही की कर्जाचा अर्जही नाही. पेपरवाल्याला आपण एक सांगावं आणि छापून भलतंच यावं, तेव्हा काय करायचं, ते आज बोलू.

मागच्या पावसाळ्यात एका दैनिकाचे वार्ताहर आमच्याकडे आले. फायनान्स कंपन्यांच्या हप्त्यांनी बायका गांजल्यात, त्यावर लिहितोय, तुम्ही गटांचं काम रोज बघता, तर जाणकार म्हणून सांगा, असं म्हणाले. विषय आमच्या जिव्हाळ्याचा. आम्ही तिघी बसलो, दीड तास बोललो, दोनदा चहा झाला.

आम्ही सांगितलं ते असं. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज आहे, तेही उरलेल्या मुद्दलावर. दहा हजार घेतले आणि महिन्याला हजार मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये, दुसऱ्या महिन्याचं १८०, असं उतरत दहाव्या महिन्याला २०. एकूण ११०० रुपये. हाच दोन रुपयांचा दर कुणी शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर लावला, तर २००० होतात. म्हणून कर्ज घेताना नुसता दर विचारू नका, व्याज कशावर धरणार ते विचारा. आणि आमचे ते ११०० रुपये जातात कुठे? गटाच्याच खात्यात. व्याज भरणारी बाई त्या पैशाची मालकीणही असते.

चार दिवसांनी मथळा आला: ‘बचत गटांतही सावकारी! महिलांकडून २४ टक्के व्याज’. खाली आमचं नाव आणि ‘गटाच्या समन्वयकांनीच दिली माहिती’.

दोन गुणिले बारा चोवीस, गुणाकार बरोबर होता. उरलेलं मुद्दल गेलं, गटाचं खातं गेलं आणि फायनान्स कंपन्या तर बातमीतून पारच गायब! खोटा शब्द दाखवा म्हटलं तर दाखवता येऊ नये, अशी ती बातमी होती.

पुढच्या बैठकीला चौघी आल्या नाहीत. एकीचे सासरे कात्रण घेऊन दारात उभे राहिले, सुनेची बचत आजच्या आज परत द्या म्हणाले. बँकेत एका गटाची कर्जाची फाईल होती, तिथले साहेब म्हणाले, थोडं थांबा. गटांना बँकेशी जोडण्याचं काम नाबार्डनं १९९२ साली सुरू केलं. इतक्या वर्षांत बायकांनी हप्ता हप्ता भरून पत मिळवली, आणि एका मथळ्यानं साहेब थांबा म्हणाले. राग त्याचा आला.

आम्ही भांडायला गेलो नाही. आधी बैठक घेतली, बातमी मोठ्यानं वाचली आणि कर्जाची नोंदवही सगळ्यांपुढे उघडली. मग संपादकांना पत्र लिहिलं. त्यात बातमीची तारीख, आम्ही सांगितलेलं वाक्य, छापलेलं वाक्य आणि सोबत ११०० रुपयांचा हिशेब. गाऱ्हाणं दोन ओळीत, बाकी सगळे आकडे. अध्यक्ष, सचिव आणि सदस्यांच्या सह्या. पोच घेतली. तिथले एक जण म्हणाले, “आकडा तुम्हीच दिला ना?” आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी बाई म्हणाली, “दिला. पण आम्ही सगळा हिशेब दिला होता, तुम्ही त्यातला एक आकडा उचलला.”

वार्ताहरांचंही ऐकून घेतलं. मथळा कचेरीत दुसरेच देतात, जागा कमी पडली की मजकूर कापतात, असं ते म्हणाले. तसं होतही असेल. पण बातमीतला पहिला परिच्छेद त्यांचाच होता, हे आम्ही त्यांना तोंडावर सांगितलं.

तीन आठवड्यांनी खुलासा आला, आतल्या पानावर, चार ओळींचा. आम्ही त्याची झेरॉक्स काढून बँकेत दिली, त्या सासऱ्यांनाही दिली. फाईल पुढे सरकली. चौघींतल्या तिघी परत आल्या. चौथीनं बचत काढून घेतली ती घेतलीच.

खुलासा आलाच नसता तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे जाता येतं, हे लक्षात ठेवा. आधी संपादकांना लिहावं लागतं आणि त्या पत्राची प्रत तक्रारीला जोडावी लागते. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. कौन्सिल दंड करत नाही, भरपाई देत नाही, पण पेपरला ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. टीव्हीच्या बातम्या मात्र तिच्याकडे येत नाहीत.

आता कुणी माहिती मागायला आलं की आम्ही दोघी तरी बसतो, सांगून फोनवर रेकॉर्डिंग करतो आणि आकडे कागदावर लिहून देतो. आमच्या नावानं जे छापणार, ते वाक्य फोनवर वाचून दाखवा, असंही सांगतो. काही जण दाखवतात, काही नाही म्हणतात. परवाच एका साप्ताहिकातल्या ताईंनी वाचून दाखवलं. त्यात ‘महिन्याला’च्या जागी ‘वर्षाला’ पडलं होतं, ते तिथेच दुरुस्त झालं.

कुणाला पत्राचा नमुना हवा असेल तर गुरुवारी बैठकीला या, वहीत लावून ठेवलाय.