रेडिओच्या जत्रेची पट्टी



ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. रेडिओ पोळी कोणाची खातो आणि टाळी कोणाची वाजवतो, हा आजच्या भाषणाचा विषय. रेडिओच्याच ध्वनिक्षेपकासमोर बसून रेडिओच्या हिशेबाची वही उघडायची, हे थोडे नाजूक काम आहे खरे. पण घरच्या मंडळींशी बोलताना आडपडदा कशाला?

आता असे पाहा. दुकानातून शेरभर तेल घेतले तर पैसे मोजावे लागतात. न मोजणाऱ्याला तेल मिळत नाही. रेडिओचे तसे नाही. शब्द एकदा हवेत सुटला की पैसे देणाऱ्याच्या आणि न देणाऱ्याच्या घरात तो सारखाच शिरतो. गावच्या जत्रेतल्या तमाशासारखेच हे. फड उघड्या माळावर रंगतो, तिकीट कोणी कोणाला विचारायचे? म्हणून गाव घरटी पट्टी गोळा करते. पट्टी नको असेल तर एखादा बडा असामी सगळा खर्च उचलतो. मात्र मग कोणती लावणी केव्हा व्हायची तेही तोच सांगतो. किंवा बाजारपेठेतले दुकानदार पैसे घालतात आणि मध्येमध्ये आपल्या मालाचा पुकारा करवून घेतात. पट्टी, धनी आणि दुकानदार. जगातला बहुतेक रेडिओ या तिघांपैकी कोणाच्या ना कोणाच्या जिवावर चालतो.

पट्टीचे नमुनेदार उदाहरण म्हणजे इंग्लंडची बी.बी.सी. रेडिओसंच विकणाऱ्या कारखानदारांनी १९२२ साली ती कंपनी म्हणून काढली. काही ऐकायला असल्याशिवाय संच खपणार कसे, हा साधा व्यापारी हिशेब. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा, असे ठरले. १९२६ साली तिथे मोठा सार्वत्रिक संप झाला, तेव्हा चर्चिलसाहेबांच्या मनात होते की बी.बी.सी. सरळ ताब्यात घ्यावी. तिचे प्रमुख जॉन रीथ यांनी ते होऊ दिले नाही. पण म्हणून संपाची बाजू मोकळेपणाने ऐकू आली काय? नाही. मजूर पक्षाचे पुढारी मॅक्डोनाल्ड यांना तेव्हा रेडिओवर बोलूच दिले गेले नाही! संस्था हातची जाऊ नये म्हणून संस्थेनेच जीभ आवरली. हा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरकारी हुकमापेक्षा हा अधिक वेळा घडतो.

१९२७ च्या १ जानेवारीपासून राजाच्या सनदेने बी.बी.सी.चे महामंडळ झाले. सनदेची मुदत साधारण दहा वर्षांची. चालू सनद २०२७ अखेर संपते. नुसत्या रेडिओचा परवाना १९७१ साली बंद झाला, पट्टी टेलिव्हिजनच्या परवान्यावर राहिली. २०२५ च्या एप्रिलात ती १७४ पौंड ५० पेन्स ठरली. कारभार संचालक मंडळ पाहते आणि २०१७ पासून ऑफकॉम नावाची वेगळी नियामक संस्था वरून देखरेख ठेवते. पट्टी श्रोता भरतो, पण ती किती असावी हे सरकार ठरवते. म्हणजे दोरीचे एक टोक तिथेही सरकारच्या हातात आहेच. शिवाय लखपती आणि मोलकरीण दोघांनाही पट्टी सारखीच, हा तिचा दोष आहे तो आहे.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडेही सुरुवात कंपनीनेच झाली आणि ती मुंबईत झाली. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. परवाना दहा रुपयांचा, त्यातले आठ रुपये कंपनीला. पण एवढ्या अफाट देशात १९२९ अखेर परवानेदार आठ हजारही भरेनात. संच महाग, वीज शहरापुरती, आणि परवाना न काढता ऐकणारे वेगळेच. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली. एप्रिलपासून सरकारने केंद्रे चालवायला घेतली आणि दीड वर्षात तेही कंटाळून बंद करायला निघाले! लोकांनी आरडाओरडा केला म्हणून रेडिओ वाचला. १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. तेव्हापासून रेडिओ हे सरकारचे खाते झाले, जसे टपालाचे, जसे बांधकामाचे.

वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, टपालकचेरीत जाऊन परवान्याच्या पुस्तकात तिकिटे चिकटवून आणावी लागत. ही पट्टी खरी, पण ती जाई सरकारी तिजोरीत, आणि रेडिओला खर्चाला मिळे ते संसदेने मंजूर केलेले अनुदान. पट्टी आपली, पण वाढपी सरकार. ऐंशीच्या दशकात परवानाच रद्द झाला. आपल्याला हायसे वाटले. मला मात्र वाटते की त्या पुस्तकाबरोबर आपला एक हक्कही गेला. पैसे भरणारा माणूस निदान तक्रार तरी करतो.

धनी एकच असला की काय होते पाहा. डॉ. बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी, १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री होते. सिनेमाची गाणी त्यांना नकोशी. परिणाम काय झाला? देशभरचे श्रोते काटा फिरवून सिलोन ऐकू लागले आणि जाहिरातींचा पैसाही तिकडेच गेला. अखेर १९५७ साली विविध भारती काढावी लागली. हे झाले हौसेचे. १९७६ साली, आणीबाणीत, किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, ती हौसेची गोष्ट नव्हती.

मग दुकानदाराकडे जावे काय? तेही झाले. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा आपल्याच मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर. जाहिरातीत वाईट काही नाही. पण जाहिरात देणारा गिऱ्हाईक शोधतो, श्रोता नव्हे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी रेडिओ मंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर वाद घालत आणि आपले प्रश्न उलट केंद्राकडे पाठवत. खत, विहीर, साक्षरता असे विषय. साबणवाल्याने याला पैसे का द्यावेत? आणि हा प्रयोग जगभर वाखाणला गेला, हे विशेष.

रेडिओ सरकारपासून वेगळा करावा, हे तज्ज्ञ पुन्हा पुन्हा सांगत आले. १९६६ साली चंदा समितीने सांगितले, १९७८ साली वर्गीज समितीने सांगितले. १९७९ साली विधेयक आले, ते लोकसभेबरोबर विसर्जित झाले. शेवटी १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, पण तोही सात वर्षे कपाटात राहिला. मधल्या काळात, १९९५ साली, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १९९७ साली कायदा अंमलात आला आणि आकाशवाणी व दूरदर्शन महामंडळाकडे गेले.

कायद्याने मंडळ नेमण्याची रीत चांगली घालून दिली: उपराष्ट्रपती, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा एक प्रतिनिधी यांनी नावे सुचवायची. पण घर वेगळे झाले तरी चूल एकच राहिली. वर्षाला दोन हजार कोटींहून अधिक रुपये केंद्र सरकारकडून येतात आणि त्यांतला मोठा वाटा पगारांत जातो. सरकारला सूचना देण्याचा अधिकार कायद्यातच ठेवला आहे. उलट श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायद्याने जी प्रसारण परिषद सांगितली, ती कित्येक वर्षे उलटून गेली तरी अस्तित्वात आली नाही. पोळीची सोय झाली, पण टाळी कोणाची वाजते आहे हे बघणारा कोणी नेमला गेला नाही.

अनुदानाचा पैसा आभाळातून पडत नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत जो कर आपण भरतो, त्यातलाच तो. तेव्हा पट्टी बंद झाली हे अर्धेच खरे. ती दिसेनाशी झाली. दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या मागण्या संसदेपुढे येतात आणि प्रसार भारतीचा आकडा त्यात वेगळा छापलेला असतो. शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनी तो आकडा फळ्यावर लिहावा आणि पोरांना विचारावे, यातले शेतीच्या कार्यक्रमाला किती जात असतील? मुलांना उत्तर येणार नाही. मग तोच प्रश्न एका पत्रावर लिहून आपल्या खासदारांकडे पाठवावा. संसदेत मंत्र्यांना तो विचारण्याचा अधिकार त्यांना आहे.